उलटा झुकलेला चौकोन

सासूबाईंनी अर्धवट सोडलेलं लोकरीचं पांघरूण मी पुरं करायला घेतलं, ते काही प्रेमानं नाही. रागानं घेतलं. लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला होता. नेपियर टाउनच्या डॉक्टरांनी बजावलं, आता सगळं डाव्यानं सुरू करा. विणणं राहिलं बाजूला, बाई डाव्या हातानं जेवायलाच तयार नाहीत! "डाव्या हातानं अन्न शिवू? त्यापेक्षा उपाशी बरी." मग मी भरवायचे आणि त्या दोन-चार घासांत तोंड फिरवायच्या. सुनेनं भरवायचं याची त्यांना लाज वाटायची, ते मला दिसत होतं. पार वाळत चालल्या होत्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय!

म्हणून मी मुद्दाम त्यांच्या पलंगासमोर बसून विणायचे. म्हटलं, माझं चुकलं की निदान ओरडतील तरी.

पांघरूण म्हणजे घरातल्या उरल्यासुरल्या लोकरीचे रंगीत चौकोन. प्रत्येकात एक त्रिकोण, उजवीकडे झुकलेला. त्रिकोणाची वीण मात्र दर चौकोनात निराळी. कुठे साबुदाण्याची, दाणेदार. कुठे जाळी. कुठे वेणी. डोळे मिटून हात फिरवला तरी कोणता चौकोन ते कळावं. चौकोनांच्या डब्यात तळाशी एक जुना, हळदीच्या रंगाचा सापडला. त्याचा त्रिकोण डावीकडे झुकलेला, वेणीही उलटी वळलेली.

"आई, हा असा काहून?"

त्यांनी एकदाच पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "चुकला असेल. उसवून टाक."

अस्सं! स्वेटरची बाही एक टाका वाकडी झाली तर अख्खी उसवणारी ही बाई, आणि चुकलेला चौकोन इतकी वर्षं जपून ठेवते? मला एखादी गोष्ट कळली नाही ना, की डोक्यात किडा वळवळतो. मी तस्साच चौकोन विणायला बसले. त्रिकोण डावीकडे वळवता आला, पण टाक्यांचा कल काही जमेना. सुरुवातीच्या लोकरीचं शेपूटही भलत्याच कोपऱ्यात यायचं. चारदा उसवलं.

"तू काहून त्याच्या मागे लागून राहिली?" नवरा म्हणाला. "एका चौकोनानं काय थंडी अडते का?"

"अहो, तुम्ही चहा प्या."

कपाटासमोर उभी राहून मी तो चौकोन पांघरुणाला लावून पाहत होते, रंग शोभतो का म्हणून. सहज वर बघितलं, तर आरशात हळदी त्रिकोण उजवीकडे झुकलेला! वेणीही बरोबर. म्हणजे चुकलेलं काहीच नव्हतं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि सुयांची अदलाबदल केली. डाव्या हातातली सुई चालवायला लागले. बोटं अडखळली, पण टाके पडले तसेच्या तसे.

मी चौकोन घेऊन पलंगापाशी गेले. "आई, तुम्ही डावखुऱ्या आहात?"

त्यांनी हळदी वेणीवरून डावा अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "होते. पाटणला, माहेरी. तो माझा पहिला चौकोन. लग्न होऊन इथे मदन महल भागात आले. पहिल्याच सणाला नैवेद्याचं ताट डाव्या हातानं वाढलं. सगळ्यांसमोर ताट परत गेलं. मग सगळंच उजव्यानं शिकले. विणणंसुद्धा."

मला रडूच कोसळलं. राग तर इतका आला, पण करायचा कोणावर? ती माणसं कधीच गेलेली. मी टाके घातलेली एक सुई त्यांच्या उजव्या काखेत खोचली आणि दुसरी डाव्या हातात दिली.

"हे काय करून राहिली?"

"बघायचंय मला. आठवतं का हाताला."

टाक्यात सुई घालायची, ती तशीच सोडून बोटानं लोकर गुंडाळायची, पुन्हा सुई धरायची. एकेका टाक्याला केवढा वेळ! पण हात कुठे अडला नाही. ओळ संपली तेव्हा त्या स्वतःच्याच हाताकडे बघत राहिल्या. "अगंबाई," एवढंच म्हणाल्या.

दुपारी वरणभात कालवून मी घास उचलला, तर त्यांनी मान हलवली. "ताट माझ्यापुढे ठेव. आणि आधी देवघराचं दार ओढून घे."

मी दार ओढलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत बसले. परत आले तर ताट स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी ताट ठेवलं आणि दार ओढायला वळले.

"राहू दे उघडं," त्या म्हणाल्या. "बघू दे त्यांनाही."