संक्रांतीच्या फोटोतली मावशी

लंडनजवळच्या आमच्या मेडनहेडच्या मराठी बायकांत डिजिटल कॅमेरा सगळ्यांत आधी माझ्याकडे आला, त्यामुळे फोटो काढायचं काम कायमचं माझ्या गळ्यात पडलं. त्या वर्षांतल्या एकाही ग्रुप फोटोत मी नाही. याबद्दल मी पुष्कळ कुरकुर करायचे. आता करत नाही.

माझी मैत्रीण चार गल्ल्या पलीकडे राहायची. मैत्रीण म्हणताना आजही जीभ अडखळते, पण दुसरा शब्द सापडत नाही. आम्ही दोघी एकाच वर्षी, नवऱ्यांच्या आयटीच्या नोकऱ्यांमागे इथे आलो. माझ्या बाळंतपणाला आईचा व्हिसा वेळेत झाला नाही, तेव्हा हिनेच मला डिंकाचे लाडू करून घातले आणि दहा दिवस रोज सकाळी येऊन बाळाला अंघोळ घातली. ते मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच पुढचं सगळं इतकं झोंबलं.

तिला जुळ्या मुली झाल्या, तेव्हा तिच्या सासरच्या गावाहून, मिरजेच्या बाजूने, एक बाई आली. पस्तिशीची असेल. "आमच्या नात्यातलीच आहे गं," मैत्रीण म्हणाली. "नवऱ्याने टाकलंय, मुलगी आजीकडे असते. इथे बिचारीला जरा बरं वाटेल." मुली बोलायला लागल्यावर तिला मावशी म्हणायच्या, म्हणून आम्हीही मावशीच म्हणायचो. तिचं नाव काय, हे दोन वर्षांत आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही. मीही नाही.

बिचारीला बरं वाटावं म्हणून आणलेली ही मावशी कधी बसलेली दिसायची नाही. आम्ही चहा प्यायला बसलो की ती दाराशी उभी राहायची, कप रिकामा झाला की उचलायची. एकटी बाहेर पडलेली मी तिला कधी पाहिली नाही. एकदा युटिलिटी रूममध्ये ओला टॉवेल टाकायला गेले, तर वॉशिंग मशीनमागे गुंडाळलेली गादी आणि उशी. नंतर एकदा गेले, तेव्हा ती गादी मशीन आणि भिंतीच्या मधे पसरलेली होती आणि तिच्यावर मावशी भर दुपारी तापाने फणफणत पडली होती. वरची पाहुण्यांची खोली रिकामी होती. 

मी मैत्रिणीला म्हटलंदेखील, "अगं, तिला वर का नाही झोपवत?"

"तिलाच खाली बरं वाटतं. गावाकडची सवय, वर पलंगावर झोप येत नाही म्हणते."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी पटवून घेतलं. तिचे लाडू खाल्ले होते ना मी.

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू मैत्रिणीकडे होतं. संक्रांत म्हणजे काळी साडी, आणि मला दोन काळ्या साड्यांपैकी कुठली नेसावी हे ठरेना, म्हणून मी दोन्ही पिशवीत घालून गेले होते. मावशी जुन्या सलवार-कमीजवर मैत्रिणीच्या नवऱ्याचा स्वेटर घालून तिळगूळ फिरवत होती. मला काय सुचलं कोण जाणे. मी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि तिला वर नेलं. माझी दुसरी साडी तिला नेसवली, निऱ्यांना पिना लावल्या, माझ्या नाकातली नथ काढून तिला घातली. आरशासमोर उभी केली, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "ताई, ही कोण आणलीत?"

खाली येऊन मी फर्मान सोडलं, "मावशी मध्ये बसणार." बारा बायका, एक खुर्ची. मैत्रिणीचं तोंड जरासं आंबट झालं, पण चारचौघींत ती काय बोलणार? मी म्हटलं, "मावशी, इकडे बघा. हसा." ती हसली. मी बटण दाबलं.

त्यानंतर दहा मिनिटांत मैत्रीण म्हणाली, "आता साडी काढून ठेवा हं मावशी, डाग पडतील." मावशी वर गेली, स्वेटर चढवून खाली आली आणि भांड्यांना लागली. सगळ्यांना वाण म्हणून प्लास्टिकचे डबे दिले. मी मावशीच्या हातात दिलेला डबा मैत्रिणीने हळूच परत ढिगात ठेवला, "ती काय, इथेच तर असते," म्हणत. मी तेही पाहिलं. घरी येताना मात्र आपण आज एक चांगलं काम केलं, अशा तोऱ्यात होते.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी मैत्रिणीचा फोन आला. ती रडत होती. "मावशी निघून गेली गं. अंगावरच्या कपड्यांनिशी. पोलीस फोटो मागतायत. आमच्याकडे तिचा एकही नाही. तुझ्याकडे तो संक्रांतीचा आहे ना?" मी शाळेत डिनर लेडीचं, म्हणजे मुलांना दुपारचं जेवण वाढायचं काम करायचे. त्या दिवशी सुट्टी टाकली, सुपरमार्केटमधल्या मशीनवर फोटोच्या दोन मोठ्या प्रती काढल्या आणि धावत तिला नेऊन दिल्या. थंडीचे दिवस तोंडावर आलेले, बाईला इंग्रजीचा गंध नाही, सापडायला हवी. माझ्या डोक्यात एवढंच होतं. मैत्रिणीने मला मिठी मारली.

मावशी हरवलेली नव्हती. मुलींना तपासायला घरी येणाऱ्या नर्सने तिच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग पाहिला होता आणि जाताना तिच्या मुठीत एक कार्ड सरकवलं होतं. मावशीने ते तांदळाच्या डब्यात तीन आठवडे लपवलं आणि मग एक दिवस मुली झोपलेल्या असताना ते हातात धरून, माणसांना दाखवत दाखवत दवाखाना गाठला. तिथून तिची रवानगी लंडनमधल्या एका आसऱ्याच्या घरी झाली. मैत्रिणीला हे सगळं माहीत होतं. पोलीस मावशीला शोधत नव्हतेच. ते विचारायला आले होते, की तुम्ही या बाईला कसं ठेवलं होतं.

मला हे कळलं ते चार-पाच महिन्यांनी, क्रॉयडनच्या एका सॉलिसिटरच्या, म्हणजे मावशीच्या वकीलबाईंच्या पत्राने. त्या पत्रात मावशीचं नाव मी पहिल्यांदा वाचलं. तेव्हा नुकतीच सरकारची नवी पद्धत सुरू झाली होती. फसवून आणून राबवलेल्या माणसाला आधी महिना-दीड महिना कुणी देशाबाहेर काढायचं नाही, आणि त्याचं म्हणणं खरं ठरलं तर त्याला इथे राहायची परवानगी मिळू शकायची. मावशीचं म्हणणं खरं ठरलं नव्हतं. पत्राबरोबर सरकारी अधिकाऱ्याच्या निर्णयाची प्रत होती. त्यात लिहिलं होतं, की फोटोत ही बाई घरातल्या बायकांच्या मधोमध बसलेली आहे, अंगावर चांगली साडी आणि दागिना आहे, चेहरा आनंदी आहे. डांबून ठेवलेल्या बाईच्या हकिकतीशी हे जुळत नाही.

अधिकाऱ्याला काय बोलणार? त्याच्यासमोर माझा फोटो होता.

आता तिला परत जायचं होतं, त्याच गावात. तिथे मैत्रिणीच्या सासऱ्यांचा शब्द चालतो आणि मावशीची मुलगी ज्या घरात राहते ते घरही त्यांचंच. घरात पोलीस आणणाऱ्या बाईचं तिथे काय होईल, हे सांगायला सॉलिसिटर लागत नाही.

मी तशीच मैत्रिणीच्या दारात गेले. म्हटलं, "तू केसाने गळा कापलास माझा."

ती शांत होती. "मी काय खोटं बोलले? पोलिसांना फोटो हवा होता, मी दिला. काढलास तू. साडी तुझी, नथ तुझी. मध्ये बसवलीस तूच. माझ्या घरात मी तिला कधी खुर्चीवर बसवलं होतं का?" आणि दार लावताना म्हणाली, "तुझ्या बाळाला दहा दिवस अंघोळ घातली मी."

तेव्हापासून आमचं बोलणं नाही. आमच्या मराठी मंडळातल्या बाकीच्यांनाही सॉलिसिटरने पत्रं पाठवली होती. एकीनेही उत्तर दिलं नाही. एक मला म्हणाली, "घरातली भांडणं गोऱ्यांपुढे कशाला?" आणि पुढच्या संक्रांतीला मला बोलावणं आलं नाही.

मी जबाब दिला. साडी माझी, दहा मिनिटांत उतरवली, असं सगळं लिहिलं. सॉलिसिटर म्हणाल्या, एवढ्याने भागणार नाही, तुम्ही आणखी काय पाहिलंत? मग गादी आली, ताप आला, वाणाचा डबा आला. प्रत्येक गोष्ट मी केव्हा पाहिली हे त्यांनी विचारून घेतलं. माझ्या इंग्रजीत मी जमेल तेवढी सारवासारव केली. 'मला थोडी काळजी वाटली होती', 'तेव्हा लक्षात आलं नाही', असं.

नव्याने विचार व्हावा म्हणून अर्ज जायचा होता, आणि त्याआधी मावशीला तो जबाब ऐकवायचा होता. मीही हट्टाने क्रॉयडनच्या त्या कचेरीत गेले. खरं म्हणजे मला ती भेटायला हवी होती. माझा फोटो कसा फसवून नेला ते मला तिला सांगायचं होतं, आणि तिने म्हणायला हवं होतं, ताई, तुमचा काय दोष?

मावशी पहिल्यापेक्षा अंगाने भरली होती. मला बघून उठून उभी राहिली, माझा हात धरला. "तुम्ही याल असं मी यांना म्हटलंच होतं," म्हणाली. 

वाचून दाखवायला तिथली एक शिकाऊ वकील होती, मराठी आईबापांची, जन्म मात्र इथला. तिच्या मराठीत सारवासारव करण्याइतके शब्दच नव्हते. खाली ट्राम थांबत आणि निघत होत्या आणि ती एकेक वाक्य सांगत होती.

"मावशी, तुम्ही वॉशिंग मशीनच्या मागे झोपायची, ते ह्यांनी पाहिला. दोन वेळा पाहिला. तुम्हाला फीवर होता, ते पण पाहिला. तुम्ही कधी एकटी बाहेर नाही जायची, ते ह्यांना फर्स्ट इयरपासून माहीत होता."

मावशीने माझा हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडला आणि आपला हात मांडीवर ठेवला.

"ताईंनी बघितलं होतं?" तिने त्या मुलीला विचारलं.

"हो. ते चांगला आहे केससाठी."

मग मावशी माझ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता. "मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर तुम्ही काहीतरी केलं असतं, असं मी धरून चालले होते. म्हणून तर यांना तुमचं नाव सांगितलं."

फसवलेल्या बाईची जी गोष्ट मी मेडनहेडहून येताना ट्रेनमध्ये मनात जुळवत आले होते, तिच्यातली फसलेली बाई मी होते. ती गोष्ट मला तिथे सांगता येईना.

तीन-चार महिन्यांनी त्या मुलीचा फोन आला. मावशीचं म्हणणं मान्य झालं होतं, वर्षभराची राहायची परवानगी मिळाली होती. माझा जबाब उपयोगी पडला, असं तिने मुद्दाम सांगितलं. मी विचारलं, मावशींनी काही निरोप दिलाय का? ती म्हणाली, "नाही, आंटी."

फोटो अजून माझ्याकडे आहे. मी तो कधीकधी मोठा करून बघते. अधिकाऱ्याने लिहिलं होतं त्यात चूक काही नव्हती. मावशी खरोखरच आनंदात दिसते. त्या घरात तिला एका बाईने पहिल्यांदाच मध्ये बसवलं होतं, आणि त्या बाईवर तिचा विश्वास बसला होता.