कबुतरांचा मनोरा

फ्रान्सच्या एका खेड्यातला तो किल्ला आपल्याकडच्या गढीएवढाच. दोन बुरूज, पाटीच्या दगडाची निमुळती छपरं आणि अंगणात एक गोल मनोरा. आत डोकावलो, तर भिंतभर कोनाडेच कोनाडे.

"कबुतरांसाठी," मालकीणबाई म्हणाल्या. "ती पाळायचा हक्क फक्त जमीनदाराला. शेतकऱ्यांनी पेरलेलं बी ती खायची, पण त्यांना मारायची सोय नव्हती. राज्यक्रांती झाली, तेव्हा लोकांनी आधी हा मनोरा रिकामा केला."

मला भरूनच आलं. आमच्या सोसायटीचे चेअरमन रोज सकाळी गच्चीवर ज्वारी उधळतात. पुण्य त्यांच्या पदरात, शीट आमच्या गॅलरीत. बोलायला जावं, तर वर आम्हालाच ऐकवतात, "मुक्या जिवांचा एवढा राग?" सत्ता म्हणजे तरी दुसरं काय? पाखरं आपली, निस्तरायचं दुसऱ्याने.

"घरी गेल्यावर आपणही उठाव करायचा," मी तिथेच बायकोला ठणकावून सांगितलं.

परतल्यावर झाडू घेऊनच गॅलरीचं दार उघडलं. तुळशीच्या कुंडीत दोन अंडी, आणि त्यांच्यावर डोळे वटारून बसलेलं कबुतर.

"खबरदार हात लावलात तर," मागून बायको म्हणाली.

क्रांती पुढे ढकलली आहे. तूर्त कपडे हॉलमध्ये वाळताहेत.