चिक्कपेटच्या गच्चीवर सापडलेला पाऊस

बंगळूरला जायचं मी ह्यांच्या वहीमुळे ठरवलं. गोष्ट नव्वदच्या दशकातली. हे जाऊन वर्ष झालं होतं. हे मूळचे बंगळूरच्या मराठी घरातले, आणि ह्यांना पावसाचे शब्द जमवायचा नाद. आमच्या कोल्हापूरकडचं बुरंगाट, झड, पुनर्वसूतला तरणा पाऊस, पुष्यातला म्हातारा, सगळं वहीत होतं. ‘बंगळूर, आमचं घर’ एवढंच लिहिलेलं पान मात्र कोरं.

ते कोरं का, हे मला ठाऊक होतं. लग्नाच्या वर्षी माझ्या माहेरी बारीक पाऊस लागला आणि हे त्यांच्या घरचा शब्द बोलून गेले. सगळे हसले, मी सगळ्यांत जास्त. पुन्हा तो शब्द त्यांनी काढला नाही, आणि मी तो विसरून गेले.

रात्रीच्या बसनं निघून सकाळी बंगळूरच्या मॅजेस्टिक बसस्टँडवर उतरले. तुम्ही गेलात तर तिथून चिक्कपेटला रिक्षा करू नका. चालत जा, वाटेत गरम इडली आणि कॉफी घ्या. ह्यांची थोरली बहीण, अक्का, तिथं राहायची. खाली कापडाचं दुकान, वर घर.

“अक्का, बारीक पावसाला तुम्ही काय म्हणता?”

“पाऊसच म्हणतो. माहेरी नेऊन परत हसायचंय?”

म्हणजे ह्यांनी तिला सांगितलं होतं. दोन दिवस ती माझ्याशी जेवणापुरतंच बोलली.

तिसऱ्या दुपारी आम्ही गच्चीवर सांडगे घालत होतो. ज्याला पहिला थेंब लागेल त्यानं ओरडून सगळ्या गच्च्यांना सांगायचं, ही त्या गल्लीची रीत. अक्काच्या हातावर थेंब पडला. पदर खोचून ती कठड्याकडे धावली.

“जिटिजिटि लागली गे! सांडगे उचला!”

“सरी अक्का!” पलीकडच्या गच्चीवरून कानडीत ‘बरं’ असं उत्तर आलं.

हाच तो शब्द. परात हातात धरून मी उभीच राहिले. अक्कानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी हसत नव्हते.

“चुकलं माझं, अक्का. तेव्हा.”

“सांडगे भिजतायत,” ती म्हणाली. मग जिन्यात थांबून, “लिही त्याच्या वहीत. कानडी आहे म्हणून खोडू नकोस. आमच्या घरचा आहे तो.”

घरी आल्यावर ते पान भरलं. त्या एका पानावर अक्षर माझं आहे.

आता बारीक पाऊस आला की दोरीवरचे कपडे काढता काढता मी शेजारच्या सुमनला हाक देते, “जिटिजिटि लागली गं!” ती दरवेळी हसते. मी तिला हसू देते आणि पुन्हा म्हणते.