एकशेसत्तरचा ट्रान्सफॉर्मर

मी गावच्या सहकारी सोसायटीत सेक्रेटरी होतो. निवृत्त होताना मंडळींनी विचारलं, काय देऊ? मी गोदामात धूळ खात पडलेला व्हॉल्व्हचा रेडिओ मागितला. सगळे हसले. बायकोला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि घरात माणसाचा आवाज उरला नव्हता. एकेकाळी बाजारभाव ऐकायला अर्धं गाव त्या रेडिओसमोर बसायचं. मला तोच आवाज हवा होता, नवा ट्रान्झिस्टर नको होता. हट्टी आहे मी, बायकोही तेच म्हणायची.

रेडिओचा ट्रान्सफॉर्मर जळालेला होता. काचेचे व्हॉल्व्ह मात्र धड होते, आणि सोबतच्या डब्यात त्यांचा एक जादा संच होता. बीडला दोन दिवस हिंडलो. एका दुकानदाराने विचारलं, "काका, म्युझियम काढायलात का?" भंगारात टेपरेकॉर्डरचे ट्रान्सफॉर्मर ढिगाने पडले होते, पण व्हॉल्व्हला चालेल असा एकही नव्हता. शेवटी सिरसाळ्याचा एकजण, जो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा, जुन्या तारेचे वेढे मोजून नवा बांधून द्यायला तयार झाला.

"सेक्रेटरी, तुमच्या गावात करंट किती येतो?" त्याने विचारलं.

"एकशेसत्तर व्होल्ट. लई झाला तर पावणेदोनशे."

"मग नेहमीच्या दोनशेतीसवर कशाला बांधायचा? आवाजच निघायचा न्हाई."

"एकशेसत्तरवरच बांधा," मी म्हणालो. आपली अक्कल चालवल्याचा आनंद घेऊन एसटीने घरी आलो.

त्या वेळी गावाला आणि शेतातल्या मोटारींना वीज देणारी एकच डीपी होती. विहिरींत उरलंसुरलं पाणी होतं, ते सगळे एकदमच उपसत, त्यामुळे करंट कमी पडून घरातला दिवा कायम पिवळा. त्या पिवळ्या उजेडात रेडिओ बोलू लागला. स्वयंपाक करताना मी बातम्यांना उत्तरं देऊ लागलो.

त्या साली पाऊस वाया गेलाच होता. दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांकडे निघाल्या. जाताना लोक घराच्या किल्ल्या माझ्याकडे ठेवत. शेजारीण शेवटी आली. "अण्णा, ध्यान ठिवा घरावर," म्हणाली. किल्ल्या मी रेडिओच्या वर भिंतीतल्या खुंट्यांना अडकवल्या. आठ दिवसांत विहिरी आटल्या आणि मोटारी बंद पडल्या.

एका संध्याकाळी दिवा पांढराशुभ्र लागला. वीजवाल्यांनी काही सुधारणा केली असावी, असं समजून मी खूश झालो. रेडिओही खणखणीत बोलत होता. मी भाकरी थापायला आत वळलो आणि जळका वास आला. ट्रान्सफॉर्मर गेला, व्हॉल्व्ह गेले. गावात मोटार चालवायला माणूस नव्हता आणि उपसायला पाणी नव्हतं, म्हणून करंट पुरा दोनशेतीस आला होता. पांढऱ्या उजेडात सगळ्या किल्ल्या स्पष्ट दिसत होत्या. मी खाली बसलो आणि रडलो. बायको गेली तेव्हा लोकांसमोर एवढा रडलो नव्हतो.

पुन्हा सिरसाळ्याला गेलो. दुकानात एकही मोटार नव्हती, तो रिकामाच बसला होता. "चूक माझी हाय," म्हणाला. मी म्हणालो, माझीच. त्याने या खेपेला दोनशेतीसवर बांधला. "पर मोटारी सुरू झाल्या की ह्यो बोलायचा न्हाई बरं."

"न्हाई तर न्हाई."

व्हॉल्व्हचा जादा संच बसवला. मग हिवाळा-उन्हाळा रेडिओ स्वच्छ बोलला, आणि रिकाम्या गल्लीत त्याचा आवाज टोकापर्यंत जायचा. मला एकटं वाटायचं ते वाटतच होतं. उलट आवाज जितका स्वच्छ, तितकं जास्त.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. दसऱ्यानंतर टोळ्या निघाल्या, किल्ल्या आल्या, पण निम्म्याच. शेजारणीची वाट पाहिली. ती आली, पण हातात कांद्याचं रोप होतं. "औंदा जाणार न्हाई अण्णा, इहिरीला पाणी हाय. ह्ये रोप तुमच्या वाफ्यात लावा."

त्या संध्याकाळी दिवा पिवळा झाला. रेडिओ आधी पुटपुटला, मग नुसताच घरघरू लागला. कापडी जाळीला कान लावला तरी शब्द कळेना. मी तो बंद केला आणि ओट्यावर येऊन बसलो. पलीकडे शेजारीण पोरांवर ओरडत होती, आणि मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.