पायाखालचा पत्रा

माकामेचा दिवस अकराला सुरू होई. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या तांगा गावात तास सूर्य उगवल्या-मावळल्यापासून मोजतात. अकरा म्हणजे उजाडायला एक तास बाकी. अंगणात बदामाच्या झाडाखाली उभी असलेली जुनी प्यूजो त्या वेळी गाडी वाटत नसे. ओहोटीला वाळूत कलंडून भरतीची वाट पाहणारं गलबत वाटे.

उभ्या आयुष्यात त्याने गलबतांचे सांधेच बुजवले होते. फळ्यांच्या फटीत मुशी माशाच्या तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा, वरून चुना-चरबीचा लेप द्यायचा. काम सोपं दिसतं. कापूस सैल बसला तर पाणी आत येतं, जास्त ठोकला तर फळी उकलते. हात दुखला म्हणून जो थांबतो, त्याचं गलबत बुडतं.

गाडी त्याने म्हातारपणी घेतली ती एकाच कारणासाठी. त्याची बायको झुहुरा डोंगरातली. उसांबाराच्या निळ्या रांगेत तिचं माहेर. नवरी होऊन खाली आली ती ट्रकमध्ये मक्याच्या पोत्यांवर बसून. "परत नेईन तुला, स्वतःच्या गाडीतून," असं तो तेव्हा बोलून गेला होता. तरणा माणूस बोलतो. पण आता तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती आणि निरोप आला होता, नाशपाती पिकल्यात, यंदा येऊन जा. पुढच्या वर्षाचं कोणी बोललं नव्हतं.

समुद्राच्या वाऱ्याने गाडी खाल्ली होती. दारांच्या खालच्या कडेला गंजाची बेटं उठली होती. माकामे त्यांवरून बोट फिरवी. हे पेम्बा बेट, हे माफिया बेट, ही दोन्हींमधली खाडी. रंग घासला की हिरव्याखाली पांढरा निघे, पांढऱ्याखाली निळा. घासता घासता त्याचा डोळा लागे. मग गाडी अंगणातून अलगद सुटे, बदामाची लाल पानं पाण्यावर तरंगत, आणि झुहुरा पुढे बसून डोंगराकडे बघत असे. जाग येई तेव्हा पॉलिश पेपर हातातच असे.

दारांची नि तळाची भोकं त्याने त्याला येत होती तशीच बुजवली. कापूस, तेल, वर चुना नि चरबी. त्यावर हिरवा रंग.

"मामा सालमा, बस," त्याने दार उघडलं. त्यांची मुलगी सालमा लग्न होऊन दूर गेली होती, तरी एकमेकांना हाक तिच्याच नावाने. मामा सालमा म्हणजे सालमाची आई, बाबा सालमा म्हणजे तिचा बाप.

"बाबा सालमा, आधी सांगा, ही बुडणार तर नाही?"

"माझं एकही गलबत बुडलेलं नाही."

"ती रस्त्यावर नव्हती चालत."

ती बसली. पाय आत घेतला, टाच टेकली, आणि टाच तळाच्या पत्र्यातून थेट अंगणातल्या वाळूत गेली.

"पाणी उथळ आहे," ती म्हणाली. "चालत गेले तरी पोचेन."

तिने हसत हसत पाय सोडवून घेतला. घोटा खरचटला होता. माकामेला हसू आलं नाही.

शेजारचा वेल्डिंगवाला शेम्वेटाही डोंगरातलाच. तो झुहुराला बहीण मानी, म्हणून माकामे त्याचा दाजी. तो गाडीखाली शिरला आणि काळे, ओले बोळे बाहेर फेकू लागला. पावसाचं पाणी धरून बसलेल्या कापसाने तळ आतून कुजवला होता.

"दाजी, ही उशी कोणासाठी भरलीत?" खालून आवाज आला.

"कापूस भिजून फुगतो. लाकूडही फुगतं. फट मिटते."

"लाकूड पाणी पिऊन झोपतं. लोखंड पाणी पिऊन मरतं."

माकामे त्या बोळ्यांकडे बघत राहिला. नीट ठोकलेले होते. एकही सैल नव्हता.

"कापायचं कुठवर?" त्याने विचारलं.

"ठोकून बघा. टण्ण वाजेल तिथवर."

तो हातोडी टेकवत पुढे गेला. सडका पत्रा भद्द वाजे. डोळ्याला चांगला दिसणारा वीतभर भागही भद्द वाजला. तिथेही त्याने छिन्नी चालवली. कापताना कंजूषी केली तर जोड धरत नाही. शेवटी झुहुराच्या बाजूला तळच उरला नाही.

"जुन्या पिंपाचा पत्रा लावू? माझ्याकडे पडून आहे," शेम्वेटा म्हणाला.

"टिकेल?"

"जायला टिकेल. येताना देवाची मर्जी."

"नको. मला तिला परतही आणायचंय."

दुसऱ्या दिवशी, म्हातारपणी ठेवून दिलेली मोगरी पुन्हा हातात घेऊन, नव्या पत्र्याच्या पैशांसाठी तो किनाऱ्यावर गेला. तिथे दोन गलबतं दुरुस्तीला लागली होती. गुडघे ओल्या वाळूत, मान वर, डोळ्यांत तेलाचे थेंब. ओहोटी असेल तेवढंच काम. भरती आली की उठायचं. संध्याकाळी झुहुरा त्याच्या खांद्याला खोबरेल चोळी.

"माहेर फार लांब नेऊन ठेवलंत तुम्ही."

"थोडं राहिलंय."

डोंगरातून दुसरा निरोप आला नाही. न आलेलाच बरा होता.

नवा पत्रा आला. शेम्वेटाने जोडला, माकामेने कानशीने जोड घासले, प्रायमर आतून लावला, बाहेरून लावला, कोपऱ्यांत चिंधीने लावला. पाणी निथळून जावं म्हणून शेम्वेटाने तळाला मुद्दाम दोन भोकं ठेवली. ती बुजवायला माकामेचे हात शिवशिवले. त्याने ते पाठीमागे धरले.

दोघं निघाली. डोंगराच्या पायथ्याच्या मोंबो गावापासून चढ लागला. धुकं काचेला टेकलं. रस्ता दिसेना, नुसती वळणं जाणवत, आणि गाडी खालून कोणी पाणी वाढवत असावं तशी वर वर जात राहिली. माहेरच्या गावाजवळ एका वळणावर बाया कोबीच्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. झुहुराने काच खाली करून डोंगरातल्या बोलीत काही विचारलं. एकीने हसून वर बोट दाखवलं.

"काय म्हणते?"

"म्हणते, ताईला उचलून ओट्यावर बसवलंय. रस्त्याकडे तोंड करून."

मग तिने चपला काढल्या आणि अनवाणी पाय खाली टेकले. तळाला इंजिनाची ऊब होती. त्या सगळ्या ओहोट्यांच्या मजुरीतून आलं होतं ते एवढंच, तिचे दोन्ही पाय मावतील एवढा पत्रा.