मायचे जुलाब आणि माझा संशय

मायला जुलाब लागले तेव्हा माझा पहिला संशय गेला शेजारच्या काकूंवर. आदल्या दिवशी त्यांनी पन्हं आणून दिलं होतं, आणि त्या बाईचा माठ मी आतून पाहिलेला आहे. मग पाण्याच्या कॅनवाल्यावर. ज्या कॅनवर ‘शुद्ध’ असं छापलेलं असतं, तिच्यावर माझा विश्वास कधीच बसला नाही. मी आहेच तसा. बायको म्हणते, तुमच्याशी संसार म्हणजे पोलीस ठाण्यात राहणं. ती तेव्हा अमरावतीला माहेरी गेली होती. सक्करदऱ्याच्या घरात मी आणि म्हातारी माय, दोघंच, आणि बाहेर मे महिन्याचं ऊन.

डॉक्टर घरी येऊन गेले. मीठ-साखरेची पावडर पाण्यात कालवून थोडं थोडं पाजत राहा, म्हणाले. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर भरती करावं लागेल, या वयात किडनीवर येतं. मी मायला पुसत होतो, चादरी बदलत होतो, पेला भरून तिच्या हातात देत होतो. चादर धुऊन येईपर्यंत पेला रिकामा झालेला असायचा. तरी ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले, आणि लघवीचा पत्ता नाही.

म्हणजे पावडरच बोगस! मेडिकलवाल्याला फोनवर असा झापला की तो बिचारा “भाऊ, दुसरं पाकीट पाठवू का?” एवढंच म्हणत राहिला. मग डॉक्टरांना फोन लावला. “पेल्यावर पेला पिऊन राहिली, तरी सुकूनच राहिली. असं कसं?”

“पिताना तुम्ही डोळ्यानं पाहिलं का?” त्यांनी विचारलं.

आता घ्या! साऱ्या जगावर संशय घेणारा मी, मायवर घ्यायचाच राहिलो होतो.

पुढचा पेला दिला, चादर उचलली आणि दाराआड उभा राहिलो. मायनं कानोसा घेतला. मग हात लांब करून खाटेला लागून असलेल्या कुलरचं पाणी भरायचं झाकण उघडलं आणि अख्खा पेला आत ओतला. सकाळपासून कुलरवर मुंग्या का चढत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

“माय! हे काय करून राहिली वं?”

ती दचकली. “ओरडतो काहून? जितकं पिईन तितकंच निघन. मंग तू धुशीन. बायको घरी नाही. पोरानं मायचं हे धुवावं का गा?” आणि ती रडायलाच लागली. “मले लाज वाटते रे.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. तिच्याजवळ बसून डॉक्टरांनी सांगितलेलं मी तिला आमच्या बोलीत सांगितलं. “हे निघते ते पेल्यातलं पाणी नाही वं. आतड्यात जंतू बसला हाय. तो विष सोडते. ते विष आतड्याच्या अस्तराले खोटा हुकूम देते, का मीठ बाहेर सोड. मिठामागं पाणी जाते, अन् ते पाणी तुह्या रक्तातलं होय. तू नाही पेली तरी निघनच. पण मीठ अन् साखर जोडीनं आली, का तेच अस्तर त्यायले आत घेते, अन् संगं पाणीही येते. तो रस्ता त्या विषाले बंद करता येत नाही.”

मायनं माझ्याकडे रोखून पाहिलं. “खरं सांगून राहिला, का मले पाजाले? कडू औषध गोड म्हणून मीच पाजलं हाय तुले.”

संशयाचा हा वारसा कुठून आला, ते सांगायला नकोच.

“म्हणजे नाही पेली तरी तुले धुवाच लागन?”

“लागनच.”

तिनं पदरानं डोळे पुसले. “आन मंग,” म्हणाली, “पण तोंड तिकडं कर.” मी तोंड फिरवलं. घोट घशाखाली उतरल्याचे आवाज मात्र कान देऊन ऐकले. तशी ती दुपारभर पीत राहिली.

दिवेलागणीला तिनं पहिल्यांदाच आपण होऊन हाक मारली. “ये गा, चादर ओली झाली. या बारीनं लघवी होय.”

विश्वास कसा ठेवणार? मी चादर नाकाशी नेऊन हुंगून पाहिली, आणि ती हातात धरून तिथंच रडलो.