आतोबांची न्ग्वा बोली

साऱ्या माळव्यात आफ्रिकेतली भाषा बोलणारा एकच माणूस होता, आणि ते माझे आतोबा होते, धारच्या आत्याचे यजमान. लढाईत ते ब्रह्मदेशाच्या सीमेवर फौजी इस्पितळात कंपाउंडर होते. तिथं पाय मोडलेल्या एका नायजेरियन शिपायाकडून ते इग्बो शिकले, त्यातही त्याच्या मुलखातली न्ग्वा बोली. 'इग्बो' म्हणताना ग आणि ब एकाच झटक्यात फुटले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. आम्ही म्हणून पाहिलं की म्हणायचे, "हे ओनिचाकडचं झालं. धामनोदचा घाट उतरला की बोली बदलते ना, तसंच तिकडंही आहे." ओनिचा कुठं आहे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

इग्बोत पाण्याला 'मिरी' म्हणतात. जेवताना आतोबांनी मिरी मागितली की आत्या मुकाट्यानं मिऱ्यांची डबी पुढं सरकवी. 'बिया' म्हणजे ये. टांगेवाल्याला ते "बिया, बिया" अशी हाक मारत, तो माळवीत "आयो भिया", म्हणजे आलो भाऊ, म्हणत खरोखरच येई, आणि आतोबा हा भाषेचा विजय मानत. ही भाषा त्यांनी घरीच रचली आहे, याबद्दल मात्र गावाला शंका नव्हती. आत्यालाही नव्हती.

पुढं एकदा आम्ही मांडूला गेलो असताना इंदूरहून विद्यार्थ्यांची सहल आली होती. त्यांत एक नायजेरियन तरुण आहे असं कळताच आतोबांचा चेहरा उतरला. "माझं सगळं खोटं निघालं तर रे?" ते मला हळूच म्हणाले.

आत्यानंच त्यांना पुढं घातलं. "जा. बोला तरी."

ते बोलले. तरुण थबकला, आणि हसत हसत कठड्यावर बसला. "मी ओनिचाचा," तो इंग्रजीत म्हणाला, "पण तुम्ही थेट माझ्या आजोळच्या माणसांसारखं बोलता."

बस सुटेपर्यंत दोघे बोलत बसले. आत्या लांबून बघत होती. "खरीच आहे की हो," एवढंच म्हणाली.

परतताना आतोबा गाडीत माझ्या शेजारी बसले होते. काय बोलणं झालं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तो शिपाई मला 'न्वान्ने' म्हणून हाक मारायचा. मला वाटायचं, त्यांच्यात कंपाउंडरला तसं म्हणतात."

"मग?"

"आज त्या पोरानं अर्थ सांगितला. एका आईचं लेकरू." ते खिडकीबाहेर पाहू लागले. "आणि मी दर वेळी औषधाची बाटली घेऊन जायचो."